सांगलीच्या ताई अलास्काला निघाल्यात

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात. थोडक्यात मजकूर असा. लेक-जावई सिएटलला असतात, त्यांनी जुलैत आईबाबांसाठी सात दिवसांची अलास्का क्रूझ बुक केलीय, सिएटलहून निघायचं आणि सिएटललाच परत यायचं. ताई जहाजात पहिल्यांदाच बसणार. आंबा घाटात दोन वळणं झाली की यांच्या हातात पिशवी लागते, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी, आयुष्यभर साडीच नेसलेली. दाजींना बीपी आणि शुगर, आणि दाजींचं म्हणणं असं की जुलै म्हणजे तिकडचा उन्हाळा, एक स्वेटर आणि शाल टाक, झालं. लेक म्हणते काळजी करू नको, जहाजावर सगळं मिळतं. आणि शेवटी ताई लिहितात, "एवढा खर्च करून मी आपली खोलीतच पडून राहीन अशी भीती वाटते."

ताई, तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि म्हटलं उत्तर इथनंच सुरू करावं. कारण अलास्काच्या क्रूझमध्ये जे बघायचं असतं ते सगळं बाहेर असतं, उघड्या डेकवर, गार वाऱ्यात. आत काय, जेवण, लिफ्टा, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम, दुकानं, ते कुठल्याही मोठ्या हॉटेलात मिळतं. त्यामुळे बॅग भरताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन एवढंच विचारायचं की ही असली तर मी दोन तास डेकवर उभी राहू शकेन का. हो आलं तर बॅगेत, नाहीतर कपाटात.

पण बॅगेच्या आधी कागद, आणि हे मी मुद्दाम सगळ्यात वर घालतोय. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे असं लिहिलंय, नातवाच्या वेळी जाऊन आलात तेव्हाचा, उत्तम. पण तुमच्या जहाजाचा कार्यक्रम नीट वाचा, बहुतेक शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया नावाचं एक गाव असेल. ते कॅनडात येतं. ते उगीच मधे घातलेलं नसतं बरं का, अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट, आणि ही मोठी जहाजं सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या देशांच्या झेंड्याखाली नोंदवलेली, तर अशा परदेशी झेंड्याच्या जहाजाला मधे एकतरी परदेशी बंदर घेतल्याशिवाय अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत अशी फेरी मारता येत नाही. म्हणून ते व्हिक्टोरिया. आणि आपल्या भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा असला तरी वेगळा लागतो, आणि "आम्ही खाली उतरणारच नाही, जहाजातच बसून राहू" म्हणून चालत नाही. सिएटलच्या धक्क्यावरच कागद बघतात आणि तिथंच थांबवतात.

आता लेकीनं हे का सांगितलं नाही म्हणाल, तर तिच्याकडं ग्रीन कार्ड असेल, ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळं तिच्या डोक्यातच आलं नसणार. रागावू नका तिला, पण आज रात्रीच फोन करा. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईकडं एक फेरी, मग पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवायचा, या सगळ्यात किती आठवडे जातील हे आपल्या हातात नसतं. तुम्ही मे महिन्यात सांगली सोडणार म्हणताय म्हणजे आत्ता जानेवारीतच लागायला पाहिजे. त्याच वेळी अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना आणि पासपोर्टची मुदत परत येण्याच्या तारखेनंतर सहा महिने तरी आहे ना हेही बघून टाका.

बरं, आता थंडी. दाजींना सांगा, तुम्ही निम्मे बरोबर आहात. जुलैत जुनोला, म्हणजे अलास्काच्या राजधानीला, दुपारी सतरा-अठरा डिग्री असतं आणि पहाटे दहाच्या आसपास. हे म्हणजे आपल्याकडची जानेवारीतली सकाळ, काय घाबरायचंय त्यात, आपण त्या हवेत दूध आणायला जातोच की. पण आपली थंडी कोरडी असते आणि नऊ वाजले की ऊन वर येतं. तिकडं सकाळपासून रात्रीपर्यंत तीच हवा, वर ढग, बारीक रिमझिम, आणि जहाज चालू असलं की समोरून सतत वारा. हिमनदीच्या समोर जहाज थांबतं तेव्हा बर्फावरून येणारा गारठा वेगळाच. केचिकन म्हणून तुमच्या वाटेवर गाव असेल, तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो हे खरं, पण महाबळेश्वर चार महिन्यात मोकळं होतं आणि हे गाव वर्षभर गळत असतं, जुलैतसुद्धा. त्यामुळं स्वेटर आणि शाल या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, फक्त दोन्हीतून वारा आरपार जातो आणि शाल वाऱ्यात अंगावर राहत नाही, एक हात ती धरण्यातच जातो.

म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ. अंगाला लागून थर्मल, म्हणजे ते घट्ट बसणारे पूर्ण बाह्यांचे आतले कपडे, वर आणि खाली दोन्ही. त्याच्यावर स्वेटर किंवा फ्लीसचं जॅकेट. आणि सगळ्यात वर टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट, आणि वॉटरप्रूफ म्हणजे खरंच वॉटरप्रूफ, दुकानात लेबल वाचा, नुसतं "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं असेल तर ते दहा मिनिटांच्या शिंतोड्यापुरतं असतं. माप एक नंबर मोठं घ्या, आत स्वेटर मावला पाहिजे. बसमध्ये गेलं की मधला थर काढायचा, डेकवर आलं की चढवायचा. जहाजाच्या आत मस्त उबदार असतं, तिथं तुम्ही साध्या कपड्यात फिरणार. कान झाकणारी टोपी हवीच, माकडटोपी असेल तर बिनधास्त न्या, फोटोत कशी दिसते याचा विचार लेक करेल. हातमोजे पातळ घ्या म्हणजे मोबाईल चालवता येतो. छत्री ठेवा इथंच, वाऱ्यात ती उलटी होते आणि गर्दीच्या डेकवर दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

खरेदीचं एक लक्षात घ्या, मे महिन्यात सांगलीत चाळीस डिग्रीत तुम्हाला कुणी स्वेटर दाखवणार नाही, दुकानदार तुमच्याकडंच बघत बसेल. आत्ता थंडीत रस्त्याकडेला स्वेटरवाल्यांचे स्टॉल लागलेत तोवर घेऊन ठेवा. थर्मल आणि जॅकेटसाठी पुण्याला ठशांसाठी जाणारच आहात, त्याच फेरीत एखाद्या मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात जा. आणि सगळं इथंच घ्यायला पाहिजे असंही नाही, सिएटलला लेकीकडं दीड महिना राहणार आहात, तिच्याकडं जॅकेटं पडलेली असतीलच, आधी ती घालून बघा, मग पैसे घाला.

साडी. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण पत्रात तुम्ही हा प्रश्न दोनदा विचारलाय, म्हणजे मनात बरंच घोळतंय. तुम्ही साडीतच जायचं ठरवलंत तर कुणी अडवणार नाही, जहाजावर सतरा देशांचे सतरा वेषातले लोक असतात. पण ओल्या डेकवर साडीचा काठ भिजतो, भिजलेला काठ घोट्याला लागत राहतो, सुती असेल तर दिवसभर वाळत नाही, आणि वाऱ्यात निऱ्या धरायच्या का रेलिंग धरायचं हा प्रश्न पडतो, गुडघे दुखणाऱ्या माणसानं रेलिंगच धरावं. माझं स्पष्ट मत, डेकवर आणि बंदरावर उतरताना थर्मलवर ट्रॅकपँट किंवा लवकर वाळणारी पँट, वर लांब कुर्ता, त्यावर जॅकेट. जीन नको, भिजली की जड होते आणि गार पडते. लाज वाटत असेल तर आत्तापासून घरात संध्याकाळी घालून वावरा, आठ दिवसात सवय होते, आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या काकू हल्ली ट्रॅकपँट घालूनच अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. आणि साडीची हौस संध्याकाळी भागवा! क्रूझवर एक-दोन रात्री नटूनथटून जेवायला जायच्या असतात, त्या दिवशी इरकल काढा, पैठणी काढा, अर्धी बोट तुमच्याबरोबर फोटो काढायला येईल. दाजींना सूट शिवायची गरज नाही, कुर्ता आणि जाकीट झकास दिसतं.

बूट मात्र नवीन घेऊन थेट जहाजावर घालू नका. तळाला पकड असलेले, शक्यतो पाणी आत न जाणारे, आणि एप्रिलपर्यंत रोज हरिपूर रोडला नाहीतर आमराईत तेच घालून फिरा. यात बूटही मऊ होतील आणि गुडघेही जरा चालते होतील. लोकरीचे मोजे तीन-चार जोड.

आता उलटीचं. आंबा घाट आणि जहाज यात फरक आहे, घाटात गाडी वळते, ब्रेक मारते, डिझेलचा वास येतो, ड्रायव्हर पुढचा ट्रक गाठायच्या नादात असतो. मोठं जहाज संथ डुलतं, आणि डुलणं कमी करायला त्याला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. शिवाय अलास्काच्या वाटेचा बराच भाग बेटांच्या आडून जातो, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात, तिथं पाणी तळ्यागत असतं. पण सगळी वाट तशी नाही हेही सांगायला पाहिजे, सिएटलहून निघणारी जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या पलीकडून, उघड्या समुद्रातून जातात, म्हणजे पहिली रात्र-दिवस आणि परतीचा असाच एक टप्पा यात हलणार. तेव्हा तुमची तयारी त्या वेळेसाठी.

लेकीला विचारा खोली कुठली घेतलीय. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते, पुढच्या टोकाची आणि वरच्या मजल्यावरची जास्त. बदलून मिळत असेल तर बाल्कनी सोडून मधली खालची घ्या असं मी म्हणेन, लोक ऐकत नाहीत माझं, बाल्कनी म्हणजे त्यांना क्रूझ वाटते. बाल्कनी छान असते, पण एका बाजूचंच दिसतं, आणि तुम्हाला तर बाहेरच उभं राहायचंय. गोळी म्हणाल तर आपल्याकडं एसटीच्या प्रवासाला अ‍ॅव्होमिन घेतात ती चालते, पण ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यायची असते, आणि तिनं झोप येते. तुमच्या आणि दाजींच्या बाकी गोळ्यांबरोबर चालेल का हे डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर. आल्याच्या वड्या न्या, आलं आपल्या साताऱ्याचं, त्याला काय कमी. पोट रिकामं ठेवू नका, आणि डोकं गरगरायला लागलं की खोलीत आडवं पडण्याऐवजी बाहेर मोकळ्या हवेत येऊन लांब क्षितिजावर नजर लावा. आतमध्ये मोबाईलवर सिरीयल बघत बसलात तर दुप्पट त्रास होईल.

दाजींच्या गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांकडं द्याव्या लागतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते, तोवर दुपारची शुगरची गोळी कुठून आणणार. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन बरोबर, आणि दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या. घड्याळाचंही बघा, उन्हाळ्यात सिएटल आपल्या साडेबारा तास मागं असतं आणि अलास्का आणखी एक तास मागं, गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण बिल डॉलरमध्ये आणि भरपूर. म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना तोंडानं स्पष्ट विचारा, क्रूझ धरलीय का, आधीपासूनचा बीपी-शुगर धरलाय का, आणि जहाजावरून हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं तर तो खर्च धरलाय का. एजंट "हो हो सगळं आहे" म्हणेल, तुम्ही कागदावर दाखवायला सांगा. शुगर लपवून स्वस्तातली पॉलिसी घ्यायच्या भानगडीत तर पडूच नका.

जेवणाची काळजी मला फार वाटत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण सांगितलं की मिळतं, काही ठिकाणी जैनसुद्धा, पण ते लेकीनं बुकिंगमध्ये आधी कळवायचं आणि पहिल्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये हेड वेटरला परत सांगायचं. स्वयंपाकघरात आणि वाढप्यांत गोव्याची, मुंबईची पोरं हमखास भेटतात, "मावशी" म्हणून विचारपूस करतील. फक्त सूप आणि सॉस विचारून घ्या, शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं. घरचं काय न्यायचं तर भडंग, चटणी, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू असलं कोरडं आणि सीलबंद पाकिटातलं, डब्यात भरलेलं घरचं जेवण जहाजावर नेऊ देत नाहीत. अमेरिकेत उतरताना फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं की खायचं सामान आहे असं खरं सांगायचं. आंबे, लिंबं, ताजा कढीपत्ता, बिया हे अजिबात नको, लेकीला कितीही आवडत असलं तरी. उपवास आला तर फळं, दूध, दही, भाजलेला बटाटा रोज असतोच, वर तुमचे लाडू. चहाची किटली मात्र नेऊ नका, आग लागू शकणाऱ्या वस्तू म्हणून किटली, इस्त्री बहुतेक जहाजांवर काढून घेतात. चहा वरच्या बुफेत सकाळपासून असतो, आपल्यासारखा नसतो, तेवढं सोसा. आणि जेवायच्या आधी हात साबणानं धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका, जहाजांवर जे नोरोव्हायरसचं उलट्या-जुलाबाचं प्रकरण निघतं त्याला सॅनिटायझर नीट लागू पडत नाही.

आता बंदरावर उतरल्यावर काय करायचं, इथं खरा पैसा जातो. प्रत्येक बंदरात जहाजवाले दहा-वीस सहली विकतात आणि पहिल्याच दिवशी माणूस घाबरून चारही बंदरांच्या घेतो. तसं करू नका. केचिकनला जहाज गावाला लागूनच थांबतं, खाली उतरून लाकडी खांबांवर बांधलेली जुनी क्रीक स्ट्रीट बघा, झऱ्यात सामन मासे चढताना दिसतात जुलै-ऑगस्टमध्ये, फुकट. स्कॅगवेला पैसे खर्च करा, तिथं व्हाइट पासची डोंगरातली रेल्वे आहे, कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं म्हणून लोकांची झुंबड उडाली होती, तेव्हा १८९८ मध्ये बांधायला घेतली आणि १९०० मध्ये पुरी केली, तीन फुटी नॅरोगेज, समुद्रापासून निघून २,८६५ फुटांवर जाते, आणि तुम्ही खिडकीशी बसून सगळं बघणार, गुडघ्यांना कसलाही त्रास नाही. ती थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत जाते, काही फेऱ्या तर पलीकडंही जातात, तेव्हा तिकीट काढताना कुठली फेरी ते विचारा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

जुनोला दोन गोष्टी, देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात बरेचसे हवाईला जातात पिल्लं घालायला, तिथं ते जवळजवळ काही खात नाहीत, आणि उन्हाळाभर अलास्कात येऊन वर्षाचं खाऊन घेतात, म्हणून जुलैत गेलेलं बरं. देवमासे बघायची बोट छोटी असते, तीन-चार तास, त्या दिवशी उलटीची गोळी आणि तिन्ही थर. मेंडेनहॉलला बसनं जाता येतं, गावापासून बारा-तेरा मैल, समोर बसायला जागा आहे. तुम्ही सांगलीच्या म्हणून एक सांगतो, त्या हिमनदीच्या वरच्या अंगाला एक खोलगट जागा आहे, उन्हाळ्यात तिच्यात पाणी साठत जातं, बर्फाचा बांध त्याला अडवून धरतो आणि एक दिवस ते पाणी बर्फाखालून वाट काढतं, मग खाली मेंडेनहॉल नदीला पूर. २०११ पासून हे होत आलंय, २०२३ आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर वस्तीत पाणी शिरून घरांचं मोठं नुकसान झालं. आपण २०१९ ला आयर्विन पुलाच्या पातळीकडं डोळे लावून बसलो होतो ना, ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, तसे जुनोचे लोक ऑगस्ट आला की त्या खोलगट जागेची पातळी बघत बसतात. तुम्ही जुलैत जाताय, तुम्हाला फारसा घोर नाही. हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरवणारी सहलसुद्धा असते, माणशी शेकड्यांनी डॉलर, आणि ढग आले की ऐनवेळी रद्द. मी घेणार नाही, पण दाजींना हौस असेल तर त्यांचं ते बघतील.

बंदरावर एकच नियम कडक पाळा. परत चढायची वेळ ठरलेली असते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. जहाजवाल्यांच्या सहलीतून गेलात आणि बसला उशीर झाला तर थांबतात, स्वतःच्या जीवावर बाहेरची स्वस्त टॅक्सी केलीत तर नाही थांबत. आणि जुनोला दुसऱ्या कुठल्याही गावाहून रस्ता नाही, विमान नाहीतर बोट, तेव्हा राहिलात तर राहिलात. मोबाईलचं घड्याळ कधी सिएटलचं कधी अलास्काचं दाखवतं, म्हणून दाजींचं हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून तेच धरा. मोबाईल पूर्ण वेळ फ्लाइट मोडवर, समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. सांगलीला व्हिडिओ कॉल करायचाच असेल तर जुनोच्या धक्क्यावर उतरून जावयाच्या फोनवरून करा.

तिकिटाच्या वर काय खर्च येतो विचारलंत. माणशी रोजची टीप आपोआप खात्यावर चढते, साधारण सोळा ते वीस डॉलर, सात दिवसांचं गुणून आधीच बाजूला ठेवा. रोख पैसे जहाजावर चालत नाहीत, खोलीचं कार्डच सगळीकडं दाखवायचं, त्यामुळं किती उडाले ते कळत नाही, एक दिवसाआड हिशेब बघत जा. फोटोग्राफर चढताना-उतरताना फोटो काढतात, ते विकत घ्यायचं बंधन नाही, हसून पुढं व्हा. बाकी साधं जेवण, साधं पाणी, चहा, कार्यक्रम तिकिटातच.

आणि तो हिमनदीचा दिवस. तुमच्या कार्यक्रमात ग्लेशियर बे आहे, का एंडिकॉट आर्म, का हबर्ड, ते बघा. ग्लेशियर बे असेल तर नशीब, तिथं उन्हाळ्यात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, ते राष्ट्रीय उद्यान आहे, सकाळी तिथले रेंजर जहाजावर चढतात आणि माइकवरून सगळं समजावून सांगतात. साधारण १७५० च्या सुमाराला ती सगळी खाडी बर्फानं भरलेली होती, तोंडापर्यंत, आणि आता बर्फ शंभरेक किलोमीटर मागं गेलाय, जहाज जातं ते त्या मोकळ्या झालेल्या जागेतून. त्या दिवशी लवकर उठा. उजेडाचं काय सांगावं, जुलैच्या सुरुवातीला जुनोत पहाटे चारला दिवस उगवतो आणि रात्री दहाला मावळतो, झोपताना पडदे घट्ट ओढा नाहीतर झोपच येणार नाही. तर पोटभर नाष्टा करून, सगळे थर घालून, बाथरूमला जाऊन मगच डेकवर, कारण एकदा रेलिंगची जागा मिळाली की सोडवत नाही. जहाज हिमनदीसमोर तासभर थांबतं आणि हळूहळू फिरतं म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं, त्यामुळं या कडेला का त्या कडेला म्हणून पळापळ करू नका. बर्फ निळा दिसेल, दाबून घट्ट झालेला बर्फ उजेडातला तांबडा भाग पिऊन टाकतो म्हणून. तुकडा पडला तर आधी पडताना दिसतो, आवाज नंतर येतो, तेव्हा आवाज ऐकून मान वळवलीत तर उशीर झालेला असतो, नजर बर्फावरच ठेवा. उभं राहवत नसेल तर डेकवर खुर्च्या असतात, खोलीतली गोधडी मागून घ्या आणि पाय गुंडाळून बसा, काही जहाजांवर डेकवर गरम सूपही आणून देतात. (सूप विचारून!)

बर्फावरून आणि पाण्यावरून उजेड डोळ्यात येतो म्हणून गॉगल, आणि ढग असले तरी चेहऱ्याला सनस्क्रीन.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना जमवून लाइफजॅकेटची आणि संकटात कुठं जायचं याची माहिती देतात, ती चुकवायची नसते, गुडघ्यांमुळं जिन्यानं उतरता येत नसेल तर तिथंच सांगा, नोंद करून घेतात. व्हीलचेअरची मदत धक्क्यापासून खोलीपर्यंत मिळते, लेकीला आधी कळवायला सांगा आणि मागताना संकोच करू नका. सिएटलला क्रूझचे धक्के दोन आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१, एकमेकांपासून लांब, जावयाला तिकिटावरचा नंबर बघूनच गाडी काढायला सांगा.

राहिला ताजा कलममधला प्रश्न, दुर्बीण घ्यावी का. घ्याच, आणि दोघांत एक नको, दोन घ्या. आठ बाय बेचाळीस (8x42) असं लिहिलेली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या, त्याहून जास्त झूमची घेतलीत तर हलत्या जहाजावर हात थरथरून काहीच धड दिसत नाही. बर्फाच्या लादीवर सील पिल्लं घेऊन पडलेले असतात, झाडाच्या शेंड्याला पांढऱ्या डोक्याचे गरुड बसलेले असतात, नुसत्या डोळ्यांना ते ठिपक्याएवढे दिसतात, आणि दुर्बीण एकच असली की ती दाजींच्याच गळ्यात राहणार.